फ्रिजमधलं झटपट लोणचं: पहिली बरणी भरणाऱ्यांसाठी

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या दोन मुली गेल्या डिसेंबरात एक काचेची बाटली घेऊन खाली आल्या. एक नांदेडची, एक सांगलीची, दोघी नोकरीला, दोन्ही वेळचं जेवण डब्याचं. डब्याची भाजी रोज एकाच चवीची लागते, म्हणून त्यांनी व्हिनेगरमध्ये गाजर-काकडी घातली होती. व्हिनेगर फार आंबट लागलं म्हणून ग्लासभर पाण्यात दोनच चमचे घेतलं. बाटली ओट्यावर ठेवली. चौथ्या दिवशी झाकण फुगलं आणि वर फेस आला. "काकू, वरचा फेस काढून टाकला तर खाल्लेलं चालेल का?"

चालणार नव्हतं. बाटली तशीच रिकामी केली आणि पुढच्या रविवारी आम्ही तिघींनी मिळून तीन बरण्या भरल्या. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. लोणचं घालायचं म्हणजे उन्हाळा, कैरी, गच्चीवरचं ऊन आणि हाताशी सासू किंवा आई हवी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी. या लोणच्याला ऊन लागत नाही, तेल जवळजवळ लागत नाही, आणि कांद्याचं तर सकाळी घातलेलं रात्री पानात येतं.

आधी आंबटपणाचं

चव तुमची, पण आंबटपणा कमी करायचा नाही. तिखट वाढवा, साखर वगळा, मसाला बदला, भाजी बदला. व्हिनेगरचं किंवा लिंबाच्या रसाचं माप मात्र खाली आणू नका. भाजी टिकते ती या आंबटामुळे. मातीतून भाजीबरोबर येणारे काही जंतू बंद बरणीत, हवा नसताना वाढतात, आणि त्यांतला एक अत्यंत घातक विष तयार करतो. त्याचा वास येत नाही, चवही कळत नाही. पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेशा आंबटात, तो वाढू शकत नाही. मुलींच्या बाटलीत दोन चमचे व्हिनेगर ग्लासभर पाण्यात विरघळून गेलं, त्यात भाजीचं स्वतःचं पाणी सुटलं, आणि आंबटपणा नावापुरता उरला.

मग आजीचं कैरीचं लोणचं वर्षभर फळीवर कसं राहायचं? तिथे कैरी मुळात आंबट. मीठ आपल्या या लोणच्याच्या कितीतरी पट. फोडी उन्हात सुकवलेल्या, मोहरी भरपूर, आणि वर बोटभर तेल. टिकवण्याचं काम चार-पाच जणांनी वाटून घेतलेलं असायचं. आपल्या बरणीत ते काम व्हिनेगर आणि फ्रिज हे दोघंच करतात, म्हणून दोघांपैकी एकालाही सुट्टी नाही. फ्रिज नसेल तर हे लोणचं करू नका. त्या दिवशी खाण्यापुरती कोशिंबीर करा, तीही छान लागते.

व्हिनेगर कोणतं घ्यायचं

किराणा दुकानात मिळणारं साधं पांढरं व्हिनेगर पुरतं. बाटली उलटी करून मागचं वाचा. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असावं लागतं. बऱ्याच बाटल्यांवर ४ किंवा ५ टक्के लिहिलेलं दिसेल. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही ती बाटली ठेवून द्या. 'सिंथेटिक' लिहिलेलं असेल तर ते अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये पाणी घालून केलेलं. ते चालतं, पण नाकाला जरा टोचतं. आंबवून केलेलं मऊ लागतं आणि महाग पडतं. उसाचा किंवा सफरचंदाचा शिरका चवीला सुरेख, फक्त त्याच्या तपकिरी रंगानं फ्लॉवर मळकट दिसतो. कांद्याला तो चालून जातो.

काही दुकानांत तीव्र अ‍ॅसिडची छोटी बाटली मिळते, 'पाणी घालून व्हिनेगर बनवा' म्हणतात. नवशिक्यांनी तिला हात लावू नये. माप चुकलं तर तोंड भाजतं.

माझं प्रमाण असं: दोन भाग व्हिनेगर, एक भाग पाणी. ५ टक्क्यांचं व्हिनेगर असेल तर निम्मं-निम्मंही चालतं. त्याहून पातळ नाही. जिभेला आंबट लागलं तर पाणी वाढवू नका, साखर वाढवा. साखरेनं आंबटपणा जिभेला कमी वाटतो, बरणीतला मात्र तेवढाच राहतो. मी हे सांगितल्यावर सांगलीच्या मुलीचा चेहरा खुलला, तिच्या घरी आमटीतही गूळ असतो.

पाणी उकळून गार केलेलं घ्या. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा, नाहीतर खार गढूळ दिसतो. खार म्हणजे लोणच्यातलं ते आंबट-खारट पाणी, पुढे हा शब्द सारखा येणार आहे.

मीठ शक्यतो वजन करून घ्या. साधं बारीक मीठ सपाट चमचाभर म्हणजे साधारण ६ ग्रॅम, पण जाड्या मिठाचा चमचा वेगळा भरतो आणि तिथेच नवीन माणसाचं चुकतं. खाराच्या दर १०० मिलीला ३ ग्रॅम हे माझं माप. पुडीतलं आयोडीनचं मीठ वापरलं तरी बिघडत नाही. त्यात मीठ सुटं राहावं म्हणून जे घातलेलं असतं त्यानं खार किंचित धुरकट होतो, एवढंच.

बरणी

काचेची, रुंद तोंडाची, अर्ध्या लिटरची. पहिल्यांदा मोठी घेऊ नका. लहान बरणी लवकर संपते आणि सारखी उघडली जात नाही. पुण्यात तुळशीबागेत आणि बोहरी आळीत हव्या त्या मापाच्या मिळतील, पण मधाची किंवा कॉफीची रिकामी बाटलीही तितकीच चांगली. झाकणाला आधीच्या मसाल्याचा वास असेल तर झाकण तेवढं बदला. पत्र्याचं झाकण आतून खरवडलेलं असेल तर आंबटानं गंजतं. चिनी मातीची बरणी दिसायला देखणी, पण आतून तडे गेलेली नसावी.

पितळ, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम या कामात अजिबात नको. खार उकळायलासुद्धा स्टीलचं पातेलं घ्या. आंबट लागलं की ही भांडी कळकतात, आणि ते कळकलेलं आपल्या पोटात जातं.

बरणी साबणानं धुवा. मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून त्यात बरणी ठेवा, बुडेल इतकं गार पाणी ओता आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं राहू द्या. मग स्वच्छ कापडावर पालथी घाला आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. हे काम पाणी बंद असलेल्या गुरुवारी काढू नका. भाज्या धुवायला, बरण्या धुवायला, नंतर ओटा पुसायला पाणी बरंच लागतं, आणि धुण्यात काटकसर केली तर पुढचं सगळं वाया.

मंडईतून काय आणायचं

महात्मा फुले मंडई १८८६ साली सुरू झाली आणि अजूनही लोणच्याची भाजी मी तिथूनच आणते, कारण तिथे एक-एक गाजर हातात घेऊन बघता येतं. तुमच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवाल्यानं निवडू दिलं तर तिथूनही घ्या. ताजेपणा महत्त्वाचा. मऊ पडलेली भाजी संपवायची म्हणून तिचं लोणचं घालणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. मऊ भाजी खारात कडक होत नाही.

गाजर मोडून बघा, कट्कन आवाज यायला हवा. केशरी गाजर वर्षभर मिळतं आणि कुरकुरीत राहतं. थंडीतलं लाल गाजर गोड आणि रसाळ, त्याला साखर कमी घाला. फ्लॉवर घट्ट आणि पांढरा. काकडी कोवळी, बिया न धरलेली. नवलकोल दिसला तर जरूर घ्या, लोणच्यात तो सफरचंदासारखा लागतो आणि आपल्याकडे उगाच मागे पडला आहे. बीट छान, पण त्याची बरणी स्वतंत्र ठेवा, नाहीतर सगळंच लाल होतं. मुळ्याचं लोणचं मला फार आवडतं, पण फ्रिज चार जणांत वाटलेला असेल तर त्या तिघांना आधी विचारा.

आणि तोंडली. परदेशी पद्धतीच्या बाटल्यांत बोटाएवढ्या काकड्या असतात, त्या पुण्यात ताज्या सहसा दिसत नाहीत. पण आपली तोंडली त्यांची जागा इतकी चोख घेतात, की मी आता त्या काकड्यांची आठवणही काढत नाही. घट्ट साल, आत बारीक बिया, आंबट पिऊन घेणारा गर. फक्त हिरवी आणि कडक निवडा. चिरल्यावर आतून लाल निघालं तर ते बाजूला काढा, ते पिकलेलं असतं आणि खारात पिचपिचीत होतं.

पालेभाज्या, पिकलेले टोमॅटो, भेंडी, वांगी यांच्या नादी पहिल्या खेपेला लागू नका. फरसबी घालायची तर तीन-चार मिनिटं उकळून घाला, कच्ची नको.

पहिली बरणी: गुलाबी कांदा

यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे, म्हणून सुरुवात इथून. अर्ध्या लिटरच्या बरणीला साधारण २५० ग्रॅम कांदे लागतात, म्हणजे मध्यम आकाराचे तीन. गडद सालीचे घ्या, पांढरे नकोत. उभे, पातळ, एकसारखे चिरा. मोकळे करून बरणीत भरा. दाबून ठासू नका, खार मधून वाहायला जागा हवी.

स्टीलच्या पातेल्यात २०० मिली व्हिनेगर, १०० मिली पाणी, दीड चमचा मीठ (९ ग्रॅम) आणि एक मोठा चमचा साखर घ्या. पाच-सहा मिरे आणि एखादी लवंग टाका, मी दालचिनीचा लहान तुकडाही टाकते. साखर विरघळून एक उकळी आली की गॅस बंद. खिडकी उघडी ठेवा आणि पातेल्यावर वाकून वास घेऊ नका, व्हिनेगरची वाफ थेट घशात बसते.

आता बरणी लाकडी पाटावर किंवा जाड फडक्यावर ठेवा. गार ओट्यावर नको, आणि फ्रिजमधून काढलेली तर मुळीच नको. माझी एक बरणी अशीच तडकली होती. थंडीचे दिवस, कडाप्प्याचा ओटा गार पडलेला आणि मी घाईत उकळता खार एकदम ओतला. काचेचा चुरा कांद्यात गेला, सगळं फेकावं लागलं. तेव्हापासून आत एक स्टीलचा चमचा उभा ठेवते आणि त्याच्या दांड्यावरून खार हळूहळू सोडते.

कांदा खाराखाली बुडाला पाहिजे. वर डोकावत असेल तर चमच्यानं दाबून हवेचे बुडबुडे बाहेर काढा. थोडा खार उरेल, तो ठेवून द्या, तासाभरानं पातळी खाली गेली तर वरून घालायला होतो. दहा-पंधरा मिनिटांत कांद्याचा रंग उमलायला लागतो आणि तासाभरात पूर्ण बरणी राणी रंगाची होते. कांद्याच्या सालीत आणि पापुद्र्यांत जो जांभळट रंग असतो तो आंबटात गुलाबी होतो. बाहेरून काही घालावं लागत नाही. नांदेडच्या मुलीनं तो रंग चढताना बघितला आणि लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला.

पूर्ण गार झालं की झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. संध्याकाळी खाता येतं, दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. दोन आठवड्यांत संपवा. पिठलं-भाकरीबरोबर कच्च्या कांद्याऐवजी घेऊन बघा. थालीपिठावर, दडप्या पोह्यांवर, मुगाच्या खिचडीबरोबरही छान.

दुसरी बरणी: गाजर, फ्लॉवर, तोंडली

इथे दोन कामं जास्त: फ्लॉवर साफ करणं आणि भाजीतलं पाणी काढणं.

एकूण ५०० ग्रॅम भाजी घ्या, एक लिटरची किंवा अर्ध्या लिटरच्या दोन बरण्या भरतात. फ्लॉवरचे लहान तुरे काढून कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, अळ्या असतील तर वर येतात. मग तुरे उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका आणि लगेच गार पाण्यात घाला. मिनिटभर म्हणजे मिनिटभरच, घड्याळ लावा. गाजराचे बोटाएवढे लांब तुकडे करा. तोंडल्यांची दोन्ही टोकं उडवून उभे चार भाग करा. काकडी घालणार असाल तर तिचंही फुलाकडचं टोक कापून टाका, त्या टोकात काकडीला मऊ करणारी द्रव्यं असतात. तीन-चार हिरव्या मिरच्यांना उभी चीर द्या, नाहीतर खार आत शिरत नाही आणि मिरची वर तरंगत राहते.

गाजर, तोंडली, काकडी एका परातीत घेऊन दोन चमचे मीठ चोळा आणि अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. तळाशी पाणी साठलेलं दिसेल. मिठानं भाजीच्या आतलं पाणी बाहेर ओढलं. हे पाणी फेकायचं, भाजी एकदा चटकन धुवायची आणि स्वच्छ कापडावर पसरून कोरडी करायची. हे केलं नाही तर तेच पाणी नंतर बरणीत सुटतं, खार पातळ होतो आणि भाजी मऊ पडते. सगळ्यांना कंटाळवाणी वाटणारी पायरी हीच, आणि कुरकुरीतपणा येतो तो हिच्यामुळेच.

खारासाठी ३०० मिली व्हिनेगर, १५० मिली पाणी, १४ ग्रॅम मीठ म्हणजे जवळजवळ अडीच चमचे, आणि दीड मोठा चमचा साखर. मसाल्याला एक चमचा मोहरी, आठ-दहा मिरे, आठ-दहा मेथीदाणे, एक तमालपत्र, आल्याच्या चार चकत्या, पाच-सहा लसूण पाकळ्या. मेथीचा हात आवरा, वीस दाणे पडले तर कडवटपणा आठवडाभर जात नाही. हळद पाव चमचा घातली तर फ्लॉवरला सुंदर पिवळा रंग येतो, पण झाकण आणि फडकं दोन्ही रंगतात.

मसाले तळाला, त्यावर भाजी, वरून गरम खार. चमच्याची युक्ती तीच. भाजी बुडाली पाहिजे. तुरे तरंगत असतील तर कोबीचं एक स्वच्छ पान घडी करून वर बसवा, ते सगळ्यांना खाली धरून ठेवतं.

गाजर दुसऱ्या दिवशी खाण्यासारखं होतं. फ्लॉवरला दोन दिवस, तोंडल्यांना तीन. तिसऱ्या दिवसाआधी तोंडलं खाऊन 'काही जमलं नाही' असं म्हणू नका, आतपर्यंत मुरायला त्याला वेळ लागतो. ही बरणी फ्रिजमध्ये तीन आठवडे चांगली राहते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लसूण निळसर-हिरवी पडलेली दिसली तर घाबरू नका. लसणीतली गंधकाची द्रव्यं आंबटाशी मिळून असा रंग देतात, खायला ती सुरक्षित असते. मला दर थंडीत या एका गोष्टीसाठी दोन-तीन फोन येतात.

तिसरी बरणी: फेसलेल्या मोहरीचं गाजर

हे आपलं. यात व्हिनेगर नाही, लिंबू आहे, आणि सगळा जीव मोहरीत आहे. माझी आई हे मकरसंक्रांतीच्या सुमारास करायची, गाजराचं आणि ओल्या हळदीचं. मंडईत त्या दिवसांत ओली हळद आणि आंबेहळद दोन्ही ढिगानं येतात.

'फेसणं' हा शब्द पुस्तकात वाचून कळत नाही, करून बघायला हवा. दोन मोठे चमचे मोहरीची डाळ घ्या, म्हणजे साल काढलेली, दुभंगलेली मोहरी. ती नसेल तर साधी मोहरी. मिक्सरच्या लहान भांड्यात कोरडीच थांबून-थांबून फिरवा, भांडं गरम होऊ देऊ नका. पूड वाडग्यात काढून तीन-चार मोठे चमचे गार पाणी घाला आणि चमच्यानं एकाच दिशेनं जोरात घोटत राहा. दोन-तीन मिनिटांत मिश्रण फिकट होतं, हलकं होतं, आणि एकदम वास नाकात जाऊन डोळ्यांत पाणी येतं. आई म्हणायची, मोहरी नाकात गेली की झाली. झाकून दहा मिनिटं बाजूला ठेवा.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. मोहरीच्या दाण्यात झणका तयार नसतो. दाणा फुटला आणि पाणी लागलं की त्यातलं एक द्रव्य दुसऱ्यावर काम करतं आणि तेव्हा तो झणका जन्मतो. पाणी गरम असेल तर काम करणारं द्रव्य मरतं, मोहरी नुसती कडू राहते. लिंबू आधीच पिळलं तरी ते काम मंदावतं. म्हणून आधी गार पाणी, मग दहा मिनिटं धीर, आणि त्यानंतर लिंबू. लिंबू पडलं की झणका आहे तिथे धरला जातो. आईला ही रसायनं माहीत नव्हती, पण लिंबाला हात लावू द्यायची नाही ती तेवढ्यासाठीच.

२५० ग्रॅम गाजराच्या बारीक फोडी करा, हवी तर त्यात ५० ग्रॅम ओल्या हळदीच्या पातळ चकत्या. धुतल्यावर पूर्ण कोरड्या करा, पाण्याचा थेंब नको. दोन चमचे मीठ लावा. इथे सुटलेलं पाणी फेकायचं नाही, तोच याचा खार. फेसलेल्या मोहरीत चार रसदार लिंबांचा रस (किमान ६० मिली), एक-दीड चमचा लाल तिखट, पाव चमचा हिंग, चिमूटभर हळद घाला, ओली हळद घेतली असेल तर ती वगळा. हे फोडींवर ओतून नीट कालवा. वरून फोडणी हवी असेल तर दोन चमचे तेलाची, पूर्ण गार करून. गरम फोडणी ओतली तर इतका वेळ जपलेला झणका पाच सेकंदांत जातो.

दोन तासांनी पानात घ्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे सर्वांत झणझणीत लागतं, मग मऊ होत जातं. व्हिनेगरच्या बरण्यांइतकं हे टिकत नाही, आठ दिवसांत संपवा. उरत नाहीच.

बिघडलं कसं ओळखायचं

झाकण फुगलं, उघडताना फस्स आवाज आला, खारात बुडबुडे उठत असतील, भाजी बुळबुळीत लागली किंवा वर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर पूर्ण बरणी टाकून द्या. वरचा थर काढून खालचं वाचवू नका, आणि चव घेऊन खात्री करू नका. नुसता खार किंचित गढूळ झाला आणि बाकी सगळं ठीक असेल, तर तो मिठाचा किंवा मसाल्याचा परिणाम असतो. भाजी मऊ पडली पण वास-रंग ठीक आहे, तर ती पाणी न काढल्यामुळे किंवा जास्त उकळल्यामुळे. ती खाता येते, पुढच्या वेळी सुधारा.

चमचा दर वेळी कोरडा आणि स्वच्छ. उष्टा चमचा बरणीत गेला की दोन आठवड्यांचं लोणचं चार दिवसांवर येतं. वाटलेल्या फ्रिजमध्ये हे सांगून होत नाही, म्हणून मुलींनी बरणीच्या झाकणालाच दोऱ्यानं एक लहान चमचा बांधून टाकला. बरणी फ्रिजच्या दारात ठेवू नका, दार सारखं उघडतं आणि तिथे गारवा कमी असतो. आतल्या फळीवर मागे ठेवा. उन्हाळ्यात दुपारभर वीज गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज चार तास गारवा धरतो.

डब्यात न्यायचं असेल तर खार निथळून, घट्ट झाकणाच्या लहान स्टीलच्या डबीत. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळू नका. घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर एक-दोन फोडींवर थांबा, यात मीठ आहेच.

उरलेला खार

भाजी संपली की तळाशी वाटीभर खार उरतो आणि त्यात नवीन गाजर टाकायचा मोह होतो. टाकू नका. पहिल्या भाजीनं त्यातला आंबटपणा पिऊन घेतलेला असतो आणि स्वतःचं पाणी सोडलेलं असतं, दुसऱ्या खेपेला तो पुरत नाही. तो कोशिंबिरीत लिंबाऐवजी घाला. उकडलेल्या बटाट्यांवर शिंपडून वरून तिखट-कोथिंबीर भुरभुरवा. कांद्याच्या बरणीतला गुलाबी खार मी काकडी-शेंगदाण्याच्या कुटात घालते, दोन चमचे पुरतात. तोही दोन-तीन दिवसांत वापरा. बरणी रिकामी झाली की पुन्हा उकळून, पालथी घालून कोरडी करा, आणि नवी भरताना झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा.